मदत हवी आहे: एपीआयचं डॉक्युमेंटेशन नीट लावायचंय, पण संकल्पनाच अडतात

एका पेमेंट एपीआयची (दुसऱ्या ॲपना आपल्या सर्व्हरकडून पैशांचे व्यवहार करून घेता येतात ती सोय) साधारण १४० पानं नव्यानं लावायची आहेत. भाषा सुधारता येते, पण आयडेम्पोटन्सी, वेबहुक असे शब्द आले की पान कुठे टाकायचं तेच ठरत नाही. विषयवार फोल्डर केले, तर एकच माहिती तीन ठिकाणी झाली. प्रोग्रामिंग नेमकं किती शिकावं लागेल?

प्रतिसाद १
अख्खी भाषा शिकायच्या मागे लागू नका. प्रत्येक संकल्पनेला विचारा: ही नसती तर काय बिघडलं असतं? उत्तर दोन वाक्यांत लिहिता आलं की पान लावण्यापुरतं समजलं.

आयडेम्पोटन्सीच घ्या, म्हणजे तेच काम दोनदा सांगितलं गेलं तरी ते एकदाच व्हावं. ॲपनं पैसे कापायची पोस्ट रिक्वेस्ट (सर्व्हरला काम सांगणारा संदेश) पाठवली, सर्व्हरनं ते कामही केलं, पण उत्तर पोचण्याआधी टाइमआउट झाला. ॲपला काहीच कळलेलं नसतं, ते पुन्हा पाठवतं आणि पैसे दोनदा कापले जातात. म्हणून व्यवहाराबरोबर एक 'की', म्हणजे त्या व्यवहाराची ओळख सांगणारा कोड, पाठवतात. तीच की पुन्हा आली, तर सर्व्हर आधीचंच उत्तर देतो. नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी की बनवणं. मग तिचा उपयोगच उरत नाही.

आता वाटणी सोपी होते. हेडरचं (रिक्वेस्टमध्ये की जिथे लिहितात त्या ओळीचं) नाव आणि की किती वेळ लक्षात ठेवली जाते, हे रेफरन्समध्ये, म्हणजे नुसत्या तपशिलांच्या पानांत. 'टाइमआउटनंतर पेमेंट पुन्हा कसं पाठवावं' हे हाऊ-टूमध्ये, म्हणजे कृतीच्या पानांत. पैसे दोनदा का कापले जातात, हे स्पष्टीकरणात. डॅनिएले प्रोचिदा यांच्या डायटॅक्सिस या डॉक्युमेंटेशन लावायच्या पद्धतीत या तिघांखेरीज ट्यूटोरियल हा चौथा प्रकार आहे. की लक्षात ठेवायच्या मुदतीचा आकडा फक्त रेफरन्समध्ये ठेवा, बाकीकडून लिंक द्या. आकडा दोन ठिकाणी असला की एक जुना राहतोच.

प्रतिसाद २
वरच्याला जोड: टेस्ट सर्व्हरवर कर्लनं (कमांड लिहून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) तीच रिक्वेस्ट, तीच की, दोनदा पाठवा. व्यवहार क्रमांक एकच आला पाहिजे. की बदलून तिसऱ्यांदा पाठवा, क्रमांक नवा येईल. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर डेव्हलपरला 'हे समजावून सांगा' असं मोघम विचारावं लागत नाही. 'तीच की आणि वेगळी रक्कम आली तर कोणता एरर कोड येतो?' असं विचारता येतं. बहुतेक डॉक्समध्ये नेमकं हेच लिहायचं राहून जातं.

मूळ धागाकर्ता
हे पटलं. मग वेबहुकचं काय?

प्रतिसाद २
तिथे उलट आहे, काही घडलं (इव्हेंट) की सर्व्हरच तुमच्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवतो. वेळेत २०० (सगळं ठीक असल्याचा उत्तराचा कोड) मिळालं नाही तर बहुतेक सेवा तोच इव्हेंट पुन्हा पाठवतात, म्हणून इव्हेंट आयडी तपासायची पायरी हाऊ-टूमध्ये हवीच. आणि पानं हलवताना जुन्या पत्त्यांवर ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावा. एरर मेसेजमध्ये दिलेल्या लिंक सगळ्यात आधी तुटतात.