गळा, कंठ की छाती? माशीमारांच्या वर्णनातील एक अडचण

पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी मराठीतून ठेवणाऱ्याला कधी ना कधी प्रश्न पडतो, की इंग्रजी वर्णनांतील ‘थ्रोट’साठी ‘गळा’ लिहावे की ‘कंठ’. बगळा किंवा घार यांच्या बाबतीत कोणताही शब्द चालून जाईल. माशीमारांच्या, म्हणजे उडते किडे टिपणाऱ्या लहान पक्ष्यांच्या, बाबतीत मात्र या शब्दाच्या नेमकेपणावर पक्ष्याची ओळखच अवलंबून असते.

टिकेलचा निळा माशीमार आणि निळ्या गळ्याचा माशीमार यांचे नर पाहावेत. दोघेही जेमतेम चिमणीएवढे. दोघांची पाठ गडद निळी, पोट पांढरे आणि मध्ये नारिंगी रंग. टिकेलच्या नराचा नारिंगी रंग थेट चोचीखालून उतरत छातीवर पसरतो आणि पांढऱ्या पोटापाशी स्पष्ट रेघेने थांबतो. निळ्या गळ्याच्या नरात चोचीखालचा भाग पाठीसारखाच निळा असतो आणि नारिंगी रंग छातीवर सुरू होतो. म्हणजे सारा निवाडा बोटाच्या पेराएवढ्या जागेवर होतो.

एका डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत, ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर असा एक नर मी पाहिला. पंख किंचित सैल सोडून तो बसला होता, मध्येच हवेत झेप घेऊन एखादा किडा टिपत होता आणि पुन्हा फांदीवर येत होता. मी वहीत लिहिले, ‘पाठ निळी, गळ्यापासून खाली नारिंगी’. घरी आल्यावर हेच वाक्य मला निरुपयोगी ठरले. ‘सोमवारपासून सुट्टी’ म्हटले की सोमवार त्यात धरला जातो. ‘घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता’ म्हटले की घर त्यात मोजले जात नाही. माझ्या नोंदीत गळा धरायचा की सोडायचा, हे मलाच सांगता येईना. टिकेलचा माशीमार त्या दरीत बारमाही राहतो, म्हणून तोच असण्याचा संभव अधिक. पण संभव म्हणजे नोंद नव्हे.

अडचण ‘पासून’पुरती नाही, ‘गळा’ हा शब्दही सैल आहे. हार गळ्यात घालतात तो मानेभोवती फिरतो. गळा दाबतात तो पुढून. गळा बसतो तो आतून. ‘कंठ’ बहुतेक वेळा पुढच्या बाजूचा असतो, जसे कंठमणी या शब्दात दिसते, आणि म्हणून वर्णनासाठी तो मला अधिक जवळचा वाटतो. तरी तोही पूर्ण निर्दोष नाही, कारण पोपटाच्या मानेभोवतीच्या रंगीत वलयालाही आपण कंठच म्हणतो. शिवाय ‘नीलकंठ’ हे नाव ज्या पक्ष्याला सर्रास दिले जाते त्याचा कंठ निळा नसतोच; तो तांबूस-जांभळट असून त्यावर पांढुरक्या रेघा असतात. निळाई आहे ती पंखांत, आणि म्हणून ‘नीलपंख’ हे त्याचे दुसरे मराठी नाव कितीतरी अचूक आहे. खरा निळ्या कंठाचा पक्षी हा लहानसा माशीमार. पण नीलकंठ हे नाव आता त्याला देता येणार नाही, इतके ते दुसरीकडे रुजले आहे.

माझे मत असे, की नावात रूढ ‘गळा’ राहू द्यावा, पण वर्णनात हनुवटी, कंठ, छाती आणि पोट असे चार भाग वेगळे मानून प्रत्येकाचा रंग स्वतंत्र लिहावा: ‘हनुवटी व कंठ निळा, छाती नारिंगी, पोट पांढरे’. असे लिहिले की ‘पासून’ची गरजच उरत नाही. सह्याद्रीतल्या पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराचा नरही लगेच वेगळा पडतो, कारण त्याचा कंठ आणि छाती दोन्ही निळी असून नारिंगी रंग त्याच्यात नसतो.

रंगाच्या शब्दाबाबतही थोडे सांगायला हवे. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या ‘लाल छातीच्या माशीमारा’ची छाती लाल नसते, ती नारिंगी असते. इंग्रजीत नारिंगी रंगाला स्वतंत्र शब्द उशिरा मिळाला आणि जुन्या सवयीने पक्ष्यांच्या नावांत ‘रेड’ टिकून राहिला. आपल्याकडे नारिंगी, केशरी, तांबूस असे शब्द हाताशी असताना तो ‘लाल’ उचलण्याचे कारण नव्हते. या पक्ष्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे तैगा माशीमार, ज्याला पूर्वी याच जातीची उपजात मानत. त्याच्या नरात नारिंगी रंग कंठापुरताच असतो आणि त्याखाली राखाडी पट्टा येतो. म्हणून इंग्रजीत त्याला लाल गळ्याचा असेही म्हणतात. दोन नावांत फरक गळा आणि छाती एवढाच, आणि तोच खरा फरक!

मात्र माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातील पिल्ले यांचा कंठ दोन्ही जातींत फिकट असतो, तैगाचे नरही हिवाळ्यात हा रंग गमावतात, आणि तिथे वरचे सारे शब्द अपुरे पडतात. तेव्हा शेपटीच्या मुळावर वरून पसरलेली पिसे पाहावी लागतात: तैगामध्ये ती शेपटीपेक्षाही काळी, दुसऱ्यात शेपटीहून गडद नसलेली तपकिरी-करडी. चोचही पाहावी, तैगाची सगळी काळसर, दुसऱ्याच्या खालच्या चोचीचे मूळ फिकट. शेपटीवरच्या या पिसांना काही जण ‘पिसारा’ म्हणतात, ते मला पटत नाही. पिसारा मोराने फुलवावा, तो शब्द अंगावरच्या सगळ्या पिसांसाठी वापरला की त्याचा अर्थच विरघळतो. ‘आच्छादक पिसे’ हा शब्द बरोबर असला तरी रानात उभे राहून कोणी तो उच्चारणार नाही. ‘झाकणपिसे’ असे म्हणावे, असे मी सुचवतो. शेपटीची झाकणपिसे काळी की तपकिरी, हे तेवढ्या घाईतही विचारता येते.