दुपारी १२ ते ४ उघड्यावरची कामं बंद करा : विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी एक मागणी

सीताबर्डीकर
आमच्या घरासमोर तीन मजली इमारत उठते आहे. काल दुपारी अडीचला पडदा सारला तर स्लॅबवर चौघं सळ्या बांधत होते. हाताला ओली फडकी गुंडाळलेली, कारण सळईला उघडा हात लागत नाही. खाली एक बाई घमेल्यानं रेती वाहत होती आणि तिचं पोर सिमेंटच्या पोत्यांच्या सावलीत झोपलं होतं. मी कूलरसमोर बसलो होतो, पण मला तिथे बसवेना.

पेपरात ४५ अंश छापून येतं ते सावलीतलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतो. स्लॅबवरच्या माणसाला वरून ऊन आणि खालून धग. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. त्या दिवशीही शहरात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असणार.

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत विदर्भात दुपारी १२ ते ४ उघड्यावरची मजुरीची कामं कायद्यानं बंद असावीत, एवढी माझी मागणी आहे. केरळात कामगार खातं उन्हाळ्यात १२ ते ३ विश्रांती सक्तीची करतं, आणि तिथला पारा आपल्यापेक्षा कितीतरी खाली असतो. आपल्या शासनालाही विदर्भाचं ऊन वेगळं आहे हे मान्य आहेच. बाकी राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे जून संपता संपता. पोरांसाठी जे कळतं ते त्यांच्या आईबापांसाठी का कळू नये?

साइटवरचा अमरावतीकर
तुमची कळकळ खरी आहे, पण या मागणीला माझा विरोध आहे. चौदा वर्षं साइटवर काढली आहेत म्हणून बोलतो.

आमच्याकडे मेळघाटातले कोरकू मजूर होळी करून येतात आणि मृगाआधी पेरणीला गावी परततात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत जे गाठीला बांधतील त्यावर बियाणं येतं, लग्नं होतात. चार तास काम बंद म्हणजे ठेकेदार अर्धी हजेरी लावणार. कायदा सांगेल 'पूर्ण द्या', पण ठेकेदार रोजचा दर कमी करून हिशेब जुळवेल. ते तपासायला साइटवर कोण येणार आहे?

पहाटे सुरू करा म्हणाल. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालत नाहीत. सहाला मिक्सर फिरवला तर बारापर्यंत स्लॅब पुरा होत नाही, आणि स्लॅब अर्धा टाकून उठता येत नाही. तिथे सांधा राहतो आणि पुढे गळतो.

वऱ्हाडी पोट्टा
भाऊ, तुमी दोघंही बांधकामाचंच बोलून रायले. मी अकोल्यात खाण्याचे पार्सल पोचवतो. बारा ते चार हाच आमचा धंद्याचा टाइम. बंदी आली त माह्या दिवसाचे अर्धे पैसे गेले, आन् मले कोनी मालक नाही का त्याच्याकडून मागू.

आन् घरी जाऊन करू काय? टिनाची खोली हाये. दुपारी पंखा लावला त गरम हवाच अंगावर येते. रस्त्यावर निदान निंबाचं झाड सापडते. डोक्याले दुपट्टा, खिशात कांदा, गाडीले पाण्याची बाटली, असं चालते आमचं.

एक सांगतो, राग नका मानू. चवथ्या माळ्यावर पार्सल नेलं त दार उघडल्याबरोबर थंडी हवा तोंडावर येते. पाणी कोनी इचारत नाही. जे इचारते ते मानसं लक्षात राह्यते.

यवतमाळची सिस्टर
दादा, दुपट्टा चांगला, पण कांद्यावर विसंबू नका. खिशातला कांदा शरीराचं तापमान खाली आणत नाही. पाणी, मीठ-साखर, सावली आणि मध्ये मध्ये थांबणं, यानंच माणूस वाचतो.

आणखी एक गैरसमज जिवावर बेततो. 'घाम येतोय ना, मग उष्माघात नाही' असं लोक म्हणतात. काम करता करता ऊन लागलेल्या माणसाचं अंग घामानं भिजलेलंही असू शकतं. तो बरळायला लागला, नाव-गाव विसरला, झोकांड्या जाऊ लागल्या, की समजा. तिथल्या तिथे सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा आणि दवाखान्यात न्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आमच्याकडे आणेपर्यंत वेळ गेलेला असतो, आणि तो भरून काढता येत नाही.

माझा मागणीला पाठिंबा आहे. नवा मजूर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. पहिल्याच दिवशी त्याला पूर्ण पाळी देतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आणि मृत्यूच्या कारणात बहुतेक वेळा हृदय किंवा मूत्रपिंड लिहिलं जातं, ऊन नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतर मोजून कळलं. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला. मोजलं म्हणून केला.

डोंबिवलीची
नियम करा, पण फक्त तापमानाच्या आकड्यावर नको. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. आमच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. तुमचा कूलरही इथे नुसता चिकचिकाट वाढवतो.

दोहावासी
मी मूळचा वर्धेचा, आता कतारमध्ये. इथे २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद असतं. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवावं लागतं. डोंबिवलीच्या ताई म्हणतात ते इथे नियमातच आहे. इमारती तरीही उभ्या राहतातच.

साइटवरचा अमरावतीकर
दोहावासी, तुमच्याकडचा कामगार महिन्याच्या पगारावर, आमचा हजेरीवर. सगळा फरक तिथेच पडतो.

धानोऱ्याचा मास्तर
गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माझ्या शाळेतल्या बहुतेक पोरांच्या घरची माणसं जातात. पण ती निघतात उजाडायच्या आत. ऊन चढायला लागलं की पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परत, आणि दुपारभर मांडवात नाहीतर मोहाच्या झाडाखाली बसून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. दुपार टाळायला त्यांना कुणी कायदा शिकवला नाही. मोबदला पुड्यावर मिळतो, किती वाजता बांधला हे कुणी विचारत नाही, म्हणून त्यांना जमतं.

अमरावतीकर, तुमच्या मजुरालाही अक्कल तेवढीच आहे. त्याची दुपार मात्र त्याच्या हातात नाही. बंदीपेक्षा मला ते अधिक खुपतं.

जुना वर्धेकर
मी ७१ वर्षांचा आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, आम्हीही काढले. मातीच्या भिंती, वर कौलं, दाराला वाळ्याच्या ताट्या, चौकात कडुनिंब आणि त्याखाली पाणपोईचे रांजण. माणूस काम करून सावलीला येत असे. आता रस्ता सिमेंटचा झाला, रुंद करताना दोन्ही बाजूंची झाडं गेली. बंदी घाला, पण मग त्या पोरानं दुपारी जायचं कुठे, हे त्याच्या टिनाच्या खोलीत जाऊन बघा. समाजमंदिरं आणि शाळांच्या इमारती मेमध्ये रिकाम्या असतात. दुपारी तरी उघडा, पंखे आणि पाणी ठेवा.

सीताबर्डीकर
वर्धेकर काका, हे माझ्या मागणीत नव्हतं, ते चुकलंच. घरच तापत असेल तर सुट्टी देऊन उपयोग नाही.

मजुरीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर कायद्यानं घेतला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच. उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी बुडालेल्या तासांची मजुरी त्यातून थेट कामगाराच्या खात्यात का भरू नये? ठेकेदाराच्या हातून नकोच. 'सेवा' या संघटनेनं २०२३ पासून गुजरातेत असंघटित बायांसाठी असा विमा आणला की पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे राहिला की पैसे मिळतात, आजारी असल्याचा दाखला लागत नाही. वऱ्हाडी भाऊंसारख्यांना, ज्यांना मालकच नाही, त्यांच्यासाठी मला तोच रस्ता दिसतो.

साइटवरचा अमरावतीकर
उपकरातून देणार असाल तर माझा निम्मा विरोध गळतो. मजुरांची नोंदणी आधी करावी लागेल, कित्येकांची नाही. आमच्या साइटवरही सगळ्यांची नाही, हे मी मान्य करतो.

आणि एक गोष्ट काल रात्रीपासून मनात आहे. ४० अंशांच्या वर काँक्रीट टाकायचं तर भारतीय मानकात वेगळी काळजी सांगितली आहे. मी पाण्यात बर्फ टाकतो, खडीवर सावली करतो, स्लॅबवर ओली पोती अंथरतो. तडे जाऊ नयेत म्हणून. माणसांसाठी एक हिरवी जाळी बांधायला मी आजवर सांगितलेलं नाही.

सरसकट बंदी मला अजूनही पटत नाही. स्लॅबच्या दिवशी सूट लागेलच. पण सळ्या बांधणं, विटा चढवणं याला यंत्र लागत नाही. ते पहाटे पाचला सुरू करता येईल, थोडी ठोकाठोक होईल. सीताबर्डीकर, तुमच्या गल्लीला चालेल का? आमच्याकडे पहिली तक्रार समोरच्या घरातूनच येते.

सीताबर्डीकर
आज सकाळी सहा घरी विचारून आलो. चार हो म्हणाले. एका घरी दोन महिन्यांचं बाळ आहे, त्यांनी साडेपाच म्हटलं. एकांनी दार लावून घेतलं, त्यांच्याकडे संध्याकाळी परत जातो. मुकादमाशी बोललो, तो म्हणाला, मालकाला विचारून सांगतो. त्या बाईचं पोर आज आमच्या ओट्यावर झोपलं आहे.