मदत हवी आहे: सॉफ्टवेअर डिझाईनच्या पेपरची सुरुवात कशी करू? (टीवायची म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुलं, सांगली)

हरिपुरी

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासांवर पगार) कॉम्प्युटर शिकवते. या सेमला माझ्याकडं टीवायचा सॉफ्टवेअर डिझाईनचा पेपर आलाय. आधी याच मुलांना डेटा स्ट्रक्चर आणि जावा शिकवलंय त्यामुळं पोरं ओळखीची आहेत, हुशार पण आहेत, पण अडचण अशी की आतापर्यंत त्यांनी लिहिलेला सगळ्यात मोठा प्रोग्राम म्हणजे शे-दीडशे ओळींचा, एकट्यानं लिहिलेला आणि ओरल झाली की परत कधीच न उघडलेला. अशा पोरांपुढं उभं राहून मी सांगणार की डिझाईन चांगलं असलं की पुढं बदल करणं सोपं जातं. त्यांनी आजवर पुढं काही बदललंच नाही तर त्यांना ते पटणार कसं?

सिलॅबसचं पहिलं युनिट म्हणजे व्याख्या, तत्त्वं, कपलिंगचे (प्रोग्रामचे भाग एकमेकांत किती गुंतलेत) प्रकार, कोहेजनचे (एका भागातली कामं एकमेकांशी किती संबंधित आहेत) प्रकार आणि मग थेट यूएमएल (डिझाईनच्या आकृत्या). मागच्या बॅचच्या जर्नल चाळल्या. सगळ्यांची क्लास डायग्राम लायब्ररी मॅनेजमेंटची, आणि सगळ्यांच्या मेंबरच्या चौकटीत फोन नंबर दोनदा लिहिलेला, म्हणजे झेरॉक्स कुठून निघालं ते कळलंच. त्यात डायग्राम काढली कधी, तर कोड झाल्यावर, सबमिशनच्या आदल्या रात्री.

मला लायब्ररी आणि एटीएम सोडून आपल्याकडचं एखादं उदाहरण घ्यायचंय जे सेमभर चालेल. डोक्यात मार्केट यार्डातलं हळदीच्या अडतीचं (दलालीचं) दुकान आहे, मामा तिथं दिवाणजी आहेत, त्यामुळं पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब) कशी बनते ते घरात बघितलंय. पण पहिल्या दोन आठवड्यांत नक्की काय करायचं ते सुचेना. आणि मार्क कशावर द्यायचे? कोड तर आता चॅटजीपीटी लिहून देतंय. कुणी हा विषय शिकवला असेल किंवा शिकला असेल तर सांगा प्लीज.

भडंग

मॅडम, मी मूळचा तासगावचा, सध्या पुण्यात नोकरी. नवीन आलेली पोरं माझ्याच टीममध्ये येतात त्यामुळं हा प्रश्न मला रोज भेटतो :) पहिल्या लेक्चरला फळ्यावर व्याख्या लिहूच नका. पहिल्या प्रॅक्टिकललाच त्यांच्या हातात चालणारा पण घाण लिहिलेला कोड द्या. तुमचं अडतीचं उदाहरण बेस्ट आहे, तेच घ्या. आवक, वजन, सौदा, पट्टी अशा चार फाइल करा, चारही फाइल एकाच ग्लोबल ॲरेत हात घालतात, तिसरा कॉलम म्हणजे वजन हे चारही ठिकाणी गृहीत धरलेलं, अडतीचा दर आकड्यानं तीन ठिकाणी टाइप केलेला. प्रोग्राम एकदम बरोबर चालला पाहिजे हं, बग नको, नाहीतर पोरं बग शोधत बसतील आणि मूळ मुद्दा राहील बाजूला.

मग बदल सांगा. एकदम नाही, एकेक करून. आधी वजन वहीतून यायचं, आता इलेक्ट्रॉनिक काट्याच्या फाइलमधून येणार. मग पट्टी कागदावर पण पाहिजे आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर पीडीएफ पण पाहिजे. मग अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराच्या बिलात लावायची. हा तिसरा बदल मनचा नाही, २०१६ ला भाजीपाला आणि फळांच्या बाबतीत सरकारनं हाच निर्णय घेतला होता, पेपरात केवढा गोंधळ गाजलेला. म्हणजे नियम बाहेरून बदलतो, प्रोग्रामरला विचारून बदलत नाही, हे पोरांना वेगळं समजवावं लागत नाही.

प्रत्येक बदलानंतर गिट डिफ (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) चालवायला लावा, त्याला स्टॅट लावलं की कुठल्या फाइलमध्ये किती ओळी हलल्या ते दिसतं. फळ्यावर तक्ता मांडा, आडवे बदल, उभ्या फाइल, हात लागला तिथं फुली. अडतीच्या बदलाला चारही फाइलमध्ये फुली पडली की वर्गात आपोआप कुजबुज सुरू होते. पुढच्या प्रॅक्टिकलला तोच प्रोग्राम वेगळा तोडलेला द्या, आउटपुट डिट्टो तेच, बदलही तेच, आणि परत तक्ता.

ही काय माझी अक्कल नाही. १९७२ ला संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी पेपर लिहून हेच दाखवलं. ओळींची सूची करायचा छोटासा प्रोग्राम, प्रत्येक ओळीतले शब्द फिरवून फिरवून तयार झालेल्या सगळ्या ओळी अक्षरानुक्रमे लावायच्या. तो त्यांनी दोन तऱ्हेनं तोडला. एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, म्हणजे आधी वाचा, मग फिरवा, मग लावा, मग छापा. दुसऱ्यांदा मात्र उद्या कुठला निर्णय बदलू शकतो त्याची यादी केली आणि एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवला. ओळी मेमरीत कशा साठवायच्या हा निर्णय बदलला तर पहिल्या पद्धतीत जवळपास सगळी मॉड्यूल उघडावी लागतात, दुसऱ्या पद्धतीत एकच. पण इनपुटचा फॉरमॅट बदलला तर दोन्हीकडं एकच मॉड्यूल बदलतं, हेपण आवर्जून दाखवा, नाहीतर पोरांना वाटेल दुसरी पद्धत म्हणजे सगळ्या रोगांवरचं औषध.

घाटमाथा

वरचं सगळं छान आहे पण परीक्षेत प्रश्न येणार 'कपलिंगचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करा', सहा मार्क. तो तक्ता पेपरात कोण लिहिणार? मीपण हा पेपर शिकवलाय, पोरांचा पहिला प्रश्न 'सर हे येणार का' हाच असतो. सिलॅबस पुरा नाही झाला तर ओरडा मॅडमना बसणार, पुण्याच्या साहेबांना नाही.

हरिपुरी

@घाटमाथा, हो ना, तेच टेन्शन आहे. पहिल्या युनिटला आठच तास आहेत.

भडंग

@घाटमाथा, कबूल, पण उलटं करून बघा की. प्रकार आधी पाठ करून घेऊन उदाहरण शोधण्यापेक्षा त्याच घाण कोडमध्ये सगळे प्रकार पेरून ठेवायचे. चौघांनी एकाच ग्लोबल ॲरेत हात घातलाय ते कॉमन कपलिंग. पट्टीच्या फंक्शनला एक खूण पाठवायची, १ असली तर शेतकऱ्याची पट्टी आणि २ असली तर व्यापाऱ्याचं बिल, आत मोठं इफ-एल्स, हे कंट्रोल कपलिंग. हमाली काढायला फक्त पोती किती ते पाहिजे पण फंक्शनला शेतकऱ्याचा सगळा रेकॉर्ड पाठवलाय, नाव गाव बँक खात्यासकट, हे स्टॅम्प. तेच नुसता पोत्यांचा आकडा पाठवला की झालं डेटा कपलिंग. तक्ता झाला की तिसऱ्या तासाला ही नावं सांगा, मुलांनी ती दुखणी भोगलेली असतात, नाव लगेच चिकटतं. सहा मार्कांचं उत्तर पट्टीच्या उदाहरणानं लिहिलं तर कुठला एक्झामिनर मार्क कापेल? उलट शंभर पेपरांत लायब्ररी वाचून कंटाळलेला असतो बिचारा.

टीवाय_सुटलो

मॅडम मी मागच्याच वर्षी पास आऊट झालोय, मिरजेचा. मुलांच्या बाजूनं सांगतो. आम्हाला पहिल्याच आठवड्यात सिंगलटन (क्लासचा एकच ऑब्जेक्ट, सगळीकडून वापरायचा) शिकवलं, का तर डिझाईन पॅटर्नमध्ये, म्हणजे डिझाईनच्या ठरलेल्या साच्यांमध्ये, तेच सगळ्यात सोपं. मग काय, आमच्या अख्ख्या बॅचनं मिनी प्रोजेक्टमध्ये जिकडं तिकडं सिंगलटन लावलं, ग्लोबल व्हेरिएबलच ते, फक्त इस्त्री करून आणलेलं. पॅटर्न आधी शिकवू नका प्लीज. त्या १९९४ च्या 'डिझाईन पॅटर्न्स' पुस्तकात २३ पॅटर्न आहेत आणि आमच्या लेखी ती २३ पाठ करायची उत्तरं होती, प्रश्न कुठला होता ते कुणी सांगितलंच नाही.

अजून एक, एरियान ५ ची गोष्ट सगळे सर सांगतात, ४ जून १९९६, रॉकेट उडालं आणि चाळीसेक सेकंदांत फुटलं. व्हिडिओ बघून आम्ही टाळ्या वाजवल्या आणि विसरलो. नंतर कळलं की त्यातली खरी गंमत स्फोटात नव्हतीच. कोड एरियान ४ मधून जसाच्या तसा उचललेला, जुन्या रॉकेटचा आडवा वेग कधी एवढा जाणारच नाही हे गृहीत धरलेलं, नवीन रॉकेट जास्त वेगाचं, ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये कोंबताना ओव्हरफ्लो. आणि जो हिशोब चालू होता त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती! हे कुणी तेव्हा उलगडून सांगितलं असतं तर डोक्यात राहिलं असतं. सांगायची असली तर ते 'गृहीत धरलेलं' कुठं लपून बसलेलं तेवढंच सांगा, व्हिडिओ नाही दाखवला तरी चालतंय.

पेठेतला

भडंग यांनी सांगितलेलं पार्नास यांचं माहिती लपवणे समजवायला मी हरिपूरच्या पेवाचं उदाहरण देतो. जमिनीखाली हळद भरलेली, वरून फक्त तोंड दिसतं, आत कशी रचलीय ते घेणाऱ्याला बघायची गरज नाही. मुलांना लगेच पटतं.

कराडकर मास्तर

पेठेतले, उदाहरण गोड आहे पण माझा अनुभव असा की मुलांना पेव लक्षात राहतं आणि मुद्दा निसटतो. शिवाय २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीचशी वाया गेली, हे सांगलीच्या पोरांना घरून माहीत असतं, कुणीतरी हात वर करून विचारतंच की सर मग लपवून काय फायदा झाला. (प्रश्न वाईट नाही म्हणा.)

हरिपुरी मॅडम, गिटच्या तक्त्याला माझा पाठिंबा आहे, त्यात एक भर घालतो. यूएमएलच्या आधी एक प्रॅक्टिकल कार्डांवर घ्या. १९८९ ला केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही सीआरसी कार्डं मांडली, ऑब्जेक्टचा विचार करायला शिकवण्यासाठीच. वर क्लासचं नाव, डावीकडं त्याची जबाबदारी, उजवीकडं तो कुणाची मदत घेतो. कार्डशीट कापून पोस्टकार्डाएवढे तुकडे करायचे, वीस मुलांची बॅच असली तर पाच-पाचचे गट. एकानं काटा व्हायचं, एकानं सौदा, एकानं पट्टी, एकानं खातं. पाचवा शेतकरी, तो येऊन म्हणणार 'माझी पट्टी द्या'.

माझ्याकडच्या एका गटात काय झालं ते सांगतो. पट्टी झालेला पोरगा उठून काट्याला विचारतो पोत्यांचं वजन सांग, मग सौद्याला विचारतो भाव काय फुटला, मग हमाली स्वतःच काढतो, तोलाई स्वतःच काढतो, अडत स्वतःच, त्याचं कार्ड डावीकडं काठोकाठ भरलं आणि तो मागच्या बाजूला लिहायला लागला. बाकीचे तिघं कोरं कार्ड घेऊन बसलेले. मी काहीच बोललो नाही, शेजारची मुलगीच म्हणाली, 'ए सगळं काम तूच करणार तर आम्ही कशाला आहे?' मग त्यांनीच कपातीचं वेगळं कार्ड केलं. कोहेजनचं लेक्चर मी त्या वाक्यापासून सुरू केलं. कार्ड लहान असावं ते याचसाठी, ए-फोर कागद दिला असता तर त्यानं सगळं त्यावरच मावून घेतलं असतं.

दुसऱ्या बॅचला मी अडतीऐवजी पुराचं उदाहरण देतो, कॉपी होत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आकडे सांगलीतल्या शेंबड्या पोराला पाठ असतात, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलेलं. सगळे सरळ इफ पातळी मोठी ४० असं लिहितात. मग म्हणायचं हाच प्रोग्राम आता दुसऱ्या पुलाला लावा, तिथले आकडे वेगळे. मग म्हणायचं पातळी माणूस टाकत नाही, सेन्सर टाकतो, आणि सेन्सर मीटरमध्ये देतो. एकक बदललं की काय होतं याला १९९९ चं मंगळाचं यान आहेच, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देतंय आणि दुसरी बाजू न्यूटन धरून चाललीय, यान गेलं. पण आपल्या पोरांना नदीकाठचं जास्त लागतं.

हरिपुरी

बाप रे मास्तर, केवढं दिलंत, मनापासून थँक्यू. कार्डांचं नक्की करणार. मार्कांचं कसं करता पण? चॅटजीपीटीचा प्रश्न राहिलाच.

कराडकर मास्तर

कोड कुणी लिहिला ते मी विचारणंच सोडलं. ओरलला मुलगा आला की त्याचाच प्रोजेक्ट उघडायचा, चिठ्ठी काढायला लावायची, चिठ्ठीवर एक बदल. आधी बदल करायचा नाही, आधी सांगायचं कुठल्या कुठल्या फाइलला हात लागेल. ते कागदावर लिहून माझ्याकडं द्यायचं, मग वीस मिनिटांत बदल करायचा, मग गिट डिफ. अंदाज आणि डिफ जुळले की पूर्ण मार्क, बदल अर्धा राहिला तरी चालतंय. दुसऱ्याकडून लिहून आणलेल्याला स्वतःचा कोड कुठं दुखेल ते सांगता येत नाही. उलट मशीनकडून लिहून घेऊन नीट वाचलेलं पोरगं बरोबर सांगतं, त्याला मी मार्क देतो.

घाटमाथा

हे ओरलचं आवडलं. साठ मुलं गुणिले वीस मिनिटं मात्र बसवा कुठंतरी.

कराडकर मास्तर

एकेक कोण घेतंय, अख्खी बॅच एकदम बसवायची, चिठ्ठ्या वेगवेगळ्या. तीन बॅच, तीन प्रॅक्टिकल.

हरिपुरी

ठरलं मग. पहिल्या प्रॅक्टिकलला घाण कोड आणि बदल, दुसऱ्याला दुसरी तोडणी आणि तक्ता, मग लेक्चरला कपलिंगची नावं, तिसऱ्याला कार्डं, यूएमएल त्याच्या पुढं. सिंगलटन दिवाळीनंतर :D मामांना विचारून पट्टीतल्या खऱ्या कपाती घेते, हमाली-तोलाई सोडून अजून काय काय असतं ते. @भडंग, तुमच्याकडं असा घाण कोड तयार आहे का? मी लिहायला घेतला तर हात आपोआप नीट लिहितो. आणि एक शंका, लॅबमधल्या मशीनवर गिट नाही, इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि पासवर्डवाले दादा आठवड्यातून एकदा येतात.

भडंग

घाण कोडची काय कमी मॅडम, ऑफिसातला देता येत नाही पण शनिवारी बसून जावात लिहून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. तोपर्यंत मामांकडून एका जुन्या पट्टीचा फोटो तेवढा पाठवा, नाव झाकून. आणि विंडोजसाठी गिटची पोर्टेबल आवृत्ती मिळते, इन्स्टॉल करावी लागत नाही, फोल्डर कॉपी केलं की चालतं. फक्त लॅबचे यूएसबी पोर्ट चालू आहेत का ते आधी बघून घ्या.

हरिपुरी

दोन मशीनचे चालू आहेत. तिथून नेटवर्कवर शेअर करते. फोटो उद्या पाठवते.