लक्ष्मी रस्ता : वर्षातून एक दिवस पादचाऱ्यांचा, की रोजच?

पेठेतला पादचारी (धागाकर्ता)

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते आणि त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा टप्पा वाहनांना बंद ठेवला जातो. माझे मत असे, की हा टप्पा आता रोज सकाळी अकरा ते रात्री नऊ या वेळेत पादचाऱ्यांसाठीच राखावा. एरवी इथे चालणाऱ्याची काय गत होते ते पाहा : दुकानांच्या पायऱ्या पदपथावर उतरलेल्या, त्यांच्यापुढे साड्या नेसवलेले पुतळे, मध्येच विजेचा डीपी आणि पदपथ संपतो तिथून लगेच दुचाकींची सलग रांग, त्यामुळे लेकराचा हात धरलेली बाई ती रांग आणि मागून येणारी बस यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जीव मुठीत धरून चालते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, असे स्पष्ट केले आहे. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांवर उतरून इथे चालत येता येते.

कापड दुकानदार

मी आपल्याशी सहमत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला माझ्याकडे सासवड, भोर, शिरूरकडची कुटुंबे येतात. आठ-दहा माणसे, त्यांत दोघे-तिघे वयस्कर. बस्ता बांधून झाल्यावर त्यांनी खोकी आणि पिशव्या घेऊन वाहनतळापर्यंत पायपीट करावी, ही अपेक्षा ठेवली तर पुढच्या खेपेस ती उपनगरातल्या मॉलमध्ये जातील. पादचारी दिनाची गर्दी उत्सवाची असते, गिऱ्हाइकांची नव्हे, त्यामुळे तिच्यावरून वर्षभराचा निष्कर्ष काढता येत नाही. आणि बंद केलेली वाहने नाहीशी होत नाहीत. ती कुमठेकर रस्त्यावर आणि आजूबाजूच्या बोळांत शिरतील, जिथे राहणारे लोकही पादचारीच आहेत.

शनिवार पेठेतील ज्येष्ठ नागरिक

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून मी काठी घेऊन चालतो. सरसकट वाहनबंदीत बसही बंद होणार असेल, तर तो रस्ता माझ्यासाठीच बंद झाला असे समजावे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि निवासी भागातही किमान १.८ मीटर रुंदी निर्वेध असावी, असे सांगितले आहे. एवढे जरी साऱ्या पेठांत अमलात आले, तरी माझ्यासारख्यांना वाहनबंदीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

पेठेतला पादचारी

काका, बसबद्दलचे आपले म्हणणे मला पटते : पीएमपीची बस आणि रुग्णवाहिका चालू राहाव्यात, खासगी वाहनेच थांबवावीत. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी या पट्ट्यात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी आहे. तोही घाऊक आणि लग्नाच्या खरेदीचाच बाजार आहे.

दुकानदारसाहेब, दारातल्या जागेवर गिऱ्हाइकाची गाडी खरोखर लागते का? तिथल्या कित्येक दुचाकी सकाळी दुकानांत कामाला आलेल्यांच्या असतात आणि शटर खाली येईपर्यंत हलत नाहीत, हे आपण रोज पाहता.

तुळशीबागेतली ग्राहक

मोकळा झालेला रस्ता पथारीवाल्यांनी व्यापला तर काय, हा प्रश्न कोणीच घेतलेला नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीने त्यांच्या जागा आधी आखून द्याव्यात. त्यांना हाकलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण स्वस्त खरेदीसाठी माझ्यासारख्या बायका त्यांच्याकडेच येतात.

कापड दुकानदार

कामगारांच्या दुचाकींचा मुद्दा मला मान्य आहे. त्यांची सोय आम्ही दुकानदारांनी वर्गणी काढून दुसरीकडे केली पाहिजे. पण क्रम महत्त्वाचा आहे. मंडईच्या वाहनतळापासून सामानासह माणसे नेणारी छोटी बस आधी सुरू करावी आणि ती नीट चालल्यावरच खासगी वाहने थांबवावीत. चाचणी केवळ आषाढात, बाजार थंड असताना न घेता भर लग्नसराईतही घ्यावी. दोन्ही महिन्यांतले विक्रीचे आकडे दुकानदारांनी उघड केले, तरच या वादाचा निर्णय लागेल; माझ्या दुकानाचे आकडे मी देईन.