अक्षरी रकमेची पायथन लायब्ररी: ०.४ नंतर ०.५ काढू की थेट १.०?

कोकणी_कोडर
मंडळी, आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम देणारी एक छोटी पायथन लायब्ररी सांभाळतोय, म्हणजे १२३४५ टाकलं की बारा हजार तीनशे पंचेचाळीस, बिलं-पावत्या छापणारे काहीजण वापरतात. पायपीआयवर, म्हणजे पायथनची पॅकेजं जिथून सगळे उतरवून घेतात तिथे, सध्या ०.४.२ आहे. मेन ब्रँचवर आता बरंच साचलंय, मुख्य फंक्शनचं नाव बदललंय, 'त्रेपन'चं 'त्रेपन्न' असं सगळं एकसारखं केलंय, आणि शब्दांची यादी कोडमधून काढून जेसन (साध्या मजकुरातली डेटा) फाइलीत टाकलीये. याला ०.५ म्हणू की १.० म्हणून मोकळा होऊ? टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत, मग डायरेक्ट अपलोड केलं तर चालेल ना, का टेस्टपायपीआयची (पायपीआयचीच सरावाची साइट) भानगड करायलाच लागते?

रात्रपाळी
१.० ची घाई कशाला. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनमध्ये काहीही बदलायची मुभा सिमँटिक व्हर्जनिंग (व्हर्जन नंबर द्यायचे ठरलेले नियम) देतं हे खरं, पण वापरणारे ते वाचून थोडीच येतात. रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत) ज्याने ~=०.४.२ लिहिलंय तो वाचला, त्याला ०.४ मधलंच मिळणार. पण नुसतं ~=०.४ लिहिलं असेल तर पुढच्या इन्स्टॉलला ०.५ येऊन बसणार आणि जुनं फंक्शन गायब, की तुझ्या इश्यूजमध्ये बोंबाबोंब. तेव्हा जुनं नाव या रिलीजपुरतं ठेव, आतून नवीन फंक्शनला कॉल करून वॉर्निंग दे. आणि डेप्रिकेशनवॉर्निंग नको, कॉल मुख्य स्क्रिप्टमधूनच आला असेल तरच पायथन ती दाखवतो, एरवी गिळून टाकतो. फ्यूचरवॉर्निंग दे, ती दिसते.

सेमीकोलन_ताई
वरच्याला +१. फक्त 'त्रेपन्न'वाला बदल किरकोळ दुरुस्ती म्हणून खपवू नका हो. तुमची लायब्ररी स्ट्रिंगच देते ना, मग स्ट्रिंग बदलली म्हणजे सगळंच बदललं, कोणाच्या तरी टेस्टमध्ये जुनं वाक्य जसंच्या तसं टाइप केलेलं असणार. चेंजलॉगमध्ये हे अगदी वर घ्या, जुना शब्द आणि समोर नवा. कमिट मेसेज कॉपी करून चेंजलॉग म्हणून चिकटवतात त्यांचा मला भयंकर राग आहे, 'फिक्स टायपो' वाचून कोणाला काय कळणार!

टर्मिनलवाला
व्हर्जन नंबरवर वाद घालत बसाल, पण मला भीती त्या जेसन फाइलीची वाटतेय. टेस्ट हिरव्या आहेत त्या तुझ्या फोल्डरमध्ये, तिथे एडिटेबल इन्स्टॉल असेल तर पायथन सरळ सोर्समधून वाचतो, फाइल सापडणारच की. पण लोकांना जातं ते व्हील, म्हणजे इन्स्टॉलसाठी बांधलेली फाइल, आणि सेटअपटूल्स वापरत असशील तर .पाय नसलेली फाइल पॅकेज-डेटामध्ये किंवा मॅनिफेस्टमध्ये सांगितल्याशिवाय त्यात येईलच असं नाही. व्हील म्हणजे शेवटी झिपच, बिल्ड झाल्यावर अनझिप -एल मारून आत काय काय आहे ते डोळ्यांनी बघ. मग वेगळ्या फोल्डरमध्ये कोरं व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) कर, तीच व्हील फाइल पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाक आणि तिथून १२३४५ चालवून बघ. एसडिस्टचंही (सोर्स कोडच्या पॅकेजचं) तसंच करायचं, ते लोक विसरतात.

हे अपलोडच्या आधी कारण पायपीआयवर एकदा गेलेलं फाइलनेम परत वापरता येत नाही, रिलीज डिलीट केली तरी नाही. ०.५.० फुटकी गेली तर ती यँक करायची, म्हणजे मागे घेतल्याची खूण लावायची, आणि ०.५.१ काढायची. यँक केलेली पिप आपणहून उचलत नाही, पण ज्याने == लावून नेमकी तीच मागितली त्याला मिळते, म्हणजे कोणाचं चालू काम अडत नाही. टेस्टपायपीआयचा उपयोग प्रोजेक्टचं पान कसं दिसतं ते बघण्यापुरता, तुझ्या डिपेंडन्सी तिथे असतीलच असं नाही. त्यापेक्षा ०.५.०आरसी१ (रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती) खऱ्या पायपीआयवर टाक, स्टेबल व्हर्जन असताना पिप आरसीला हात लावत नाही, --प्री दिलं किंवा नेमकं व्हर्जन मागितलं तरच घेतो. दोनचार वापरणाऱ्यांना सांगून बघायला लाव.

रात्रपाळी
आणि अपलोड लॅपटॉपवरून करू नकोस. २०२३ पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, गिटमध्ये व्हर्जनचा टॅग पुश झाला की गिटहब अ‍ॅक्शन्स बिल्ड करून टाकते, टोकन (अपलोडची गुप्त किल्ली) कुठे साठवून ठेवायला लागत नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर (चोरदरवाजा) सापडला तेव्हा त्याला जागं करणारी एम४ फाइल (बिल्डच्या वेळी चालणारी) गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होती. टॅगमधला कोड आणि गेलेली फाइल एकच आहे हे बघणाऱ्याला पडताळता आलं पाहिजे.

कोकणी_कोडर
टर्मिनलवाला भाऊ, अनझिप मारून बघितलं, जेसन नाहीये आत 😅 पॅकेज-डेटामध्ये ओळ टाकली, आता येतेय. मग ०.५.०आरसी१च काढतो, जुनं नाव फ्यूचरवॉर्निंगसकट ठेवून. एकच राहिलं, चेंजलॉग मराठीत लिहू की इंग्रजीत?

सेमीकोलन_ताई
मराठीत लिहा की, वापरणारे आपलेच आहेत. फंक्शनची नावं तेवढी कोडमध्ये आहेत तशीच ठेवा, शोधताना सापडायला हवीत.