सोडियम प्लस का?

वहिनी: चिनूच्या वहीत परत तेच. "सोडियमला इलेक्ट्रॉन मिळाला म्हणून तो प्लस झाला." चौथी वेळ आहे. उद्या तोंडी परीक्षा. कुणीतरी समजावा त्याला, मी थकले.

दादा: अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायचं असतं, बस. कक्षांतले इलेक्ट्रॉन बघ: सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. एक देतो, एक घेतो, झालं मीठ.

वहिनी: अहो, ते त्याला पाठ आहे. प्लस का, तिथे अडलंय.

ताई: चिनू, केंद्रकातले प्रोटॉन मोज. सोडियमचे ११, ते कुठेही जात नाहीत. इलेक्ट्रॉनही ११ होते, एक गेला, उरले १०. आता जास्त कोण?

चिनू: प्रोटॉन. एकाने.

ताई: म्हणून +१. ऋण कण गेला की मागे धन उरतं. क्लोरीनकडे प्रोटॉन १७ आणि इलेक्ट्रॉन झाले १८, म्हणून तो −१.

मामा: आपल्या घरातही दोन जाती आहेत, देणारे आणि घेणारे 😄

मावशी: देणारं कोण नि घेणारं कोण, ते आईच्या आजारपणात सगळ्यांनी पाहिलंय.

मामा: अक्का, मी गंमत केली गं.

मावशी: मीही काही वेगळं बोलले नाही.

ताई: मावशी, मामा, तो विषय इथे नको, प्लीज. पोराची परीक्षा आहे.

दादा: मी पहिल्यापासून सांगतोय, अष्टक पूर्ण करायचं असतं.

ताई: दादा, अष्टक लक्षात ठेवायला बरं, पण ते कारण नव्हे. सोडियम राजीखुशीने काही देत नाही. त्याचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येमागे, ४९६ किलोज्यूल घालावे लागतात. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. १४७ चा खड्डा राहतोच.

मामा: मग असा तोट्याचा व्यवहार होतो कशाला?

ताई: मामा, खरा प्रश्न विचारलात! सुटे धन आणि ऋण आयन, म्हणजे असे प्रभार आलेले अणू, जवळ येऊन स्फटिकात बसतात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. खड्डा भरून कितीतरी उरतात. विजातीय प्रभारांची ती ओढ म्हणजेच आयनिक बंध. इलेक्ट्रॉनची देवघेव ही त्याच्या आधीची पायरी. मुलांना पायरी शिकवतात आणि घर दाखवतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मावशी: छान सांगितलंस गं.

वहिनी: मग एक सोडियम, एक क्लोरीन, हातात हात, असंच चित्र काढायचं ना?

ताई: नको वहिनी, तिथेच फसतात मुलं. भिंगाखाली मिठाचा कण बघा, कडा सरळ, कोपरे काटकोनात. आत प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड, म्हणजे −१ झालेले क्लोरीन, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम. सुटी जोडी नाहीच. चहूबाजूंनी धरलेलं असतं, म्हणून तर वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात.

चिनू: आत्या, मग कोरड्या खड्यातून वीज का जात नाही? आयन तर आहेत ना आत?

ताई: आहेत, पण जागेवर जखडलेले. पाण्यात विरघळले किंवा वितळले की हलायला मोकळे होतात, मग जाते.

दादा: आणि अष्टक?

वहिनी: अहो, फोन ठेवा आता.

चिनू: आत्या, ज्याने इलेक्ट्रॉन दिला तोच सोडियम त्या क्लोराइडच्या शेजारी येतो का?

ताई: तसं काही नसतं रे. शेजारचे सहाही सारखेच.

मामा: अक्का, उद्या फोन करतो.

मावशी: दुपारी कर. सकाळी मी नसते.