प्रति: किंगमन ते नीडल्स
"किंगमन ते नीडल्स आय-४० ने नुसता कंटाळा आला" असं अॅरिझोना ते कॅलिफोर्निया प्रवासाबद्दल वर लिहिलंय तुम्ही, ते पटलं, पण अहो मग आय-४० हा मोठा हायवे यायच्या आधीचा जुना रस्ता, रूट ६६, का सोडलात! किंगमनहून ओटमन रोड पकडायचा, कूल स्प्रिंग्सचं दगडी गॅस स्टेशन मागे पडलं की ब्लॅक माउंटन्समधला सिटग्रीव्ज पासचा घाट सुरू. आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो, नवरा चालवत होता आणि मी दरीच्या बाजूला, कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच, त्यात वळणावर समोरून मोटरसायकलवाले आले की पोटात गोळा... वरंधा परवडला म्हटलं. माथा साधारण साडेतीन हजार फुटांवर, तिथे थांबाच, लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांसाठी लावलेले क्रॉस दिसतात.

आणि गंमत म्हणजे फोर्डच्या जुन्या काळच्या मॉडेल टी गाडीला फ्युएल पंपच नव्हता, पेट्रोल टाकीतून आपोआप खाली इंजिनात यायचं, मग खड्या चढावर इंजिन वर गेलं की गाडी बंद, म्हणून लोक हा घाट चक्क रिव्हर्समध्ये चढायचे!! १९५२ मध्ये युका गावावरून नवा रस्ता झाला आणि घाटापलीकडचं ओटमन हे सोन्याच्या खाणींचं गाव ओस पडलं. आता खाणवाल्यांनी सोडलेल्या गाढवांचे वंशज तिथे मेन रोडवर फिरतात, खिडकीतून सरळ तोंड आत, आमचा चिवडा थोडक्यात वाचला :)

मोठी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) असेल तर मात्र विसरा, ४० फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे. आणि पाणी भरपूर ठेवा, फोनला रेंज धड नसते.